तुझ्या पेल्याच्या जॅकेटचं पेटंट

तू पाठवलेलं सिलिकॉनचं जॅकेट मी स्टीलच्या पेल्याला चढवून, त्यात उकळता चहा ओतून वापरून पाहिलं. बोटांना चटका बसला नाही आणि ओठालाही बसला नाही. तुझं मनापासून कौतुक वाटलं गं. पण तुझा प्रश्न वेगळा आहे. पेटंट मिळेल का, असं तू विचारतेस, आणि पुढच्याच ओळीत लिहितेस की घरात सगळे म्हणतात, "यात काय विशेष, हे कुणालाही सुचलं असतं." पेटंटच्या कामात माझी इतकी वर्षं गेली, म्हणून सांगते, या वाक्याने भल्याभल्यांना अर्ज करण्याआधीच गप्प बसवलंय. तू लगेच गप्प बसू नकोस आणि लगेच हुरळूही नकोस. जरा शांतपणे बोलू.

आधी एक कर. तुझ्या डोक्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते सोडव. पहिला, ही वस्तू नवी आहे का? दुसरा, नवी असली तरी त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचली असती का? घरचे लोक दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात, तेही पहिला न तपासता. पेटंट ऑफिसातला परीक्षक मात्र हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे आणि याच क्रमाने विचारतो.

नवेपणाची परीक्षा कडक असते, पण ती साधी आहे. तुझ्या वस्तूची सगळी वैशिष्ट्यं, म्हणजे तू क्लेममध्ये, अर्जातल्या हक्काच्या दाव्यांत, जे जे लिहिशील ते सगळं, आधीच्या एकाच कागदात किंवा एकाच वस्तूत सापडलं तर नवेपणा संपला. दोन कागद एकत्र शिवून नवेपणा मारता येत नाही, ते दुसऱ्या प्रश्नाचं काम. आणि कागद म्हणजे फक्त पेटंट नव्हे. जगात कुठेही छापून आलेली जाहिरात, मासिकातलं चित्र, ऑनलाइन दुकानातला फोटो, सगळं चालतं. आपल्या देशात उघडपणे वापरात असलेली वस्तूसुद्धा चालते. टपरीवरचा पोऱ्या कटिंगचे सहा-आठ ग्लास ज्या तारेच्या स्टँडमधून दुकानादुकानांत नेतो, त्याचं पेटंट कुणाच्या नावावर असेल-नसेल, पण उद्या कुणी "एका मुठीत अनेक ग्लास नेणारी तारेची जाळी" म्हणून अर्ज केला, तर त्या टपरीचा एक जुना फोटो पुरेसा आहे.

तुझ्या बाबतीत याचा अर्थ असा. गरम पेल्याभोवती कापड गुंडाळणं जुनं आहे. आपल्या आया-आज्या पदराने पेला धरत आल्या. तुर्की लोकांत बिनकानाच्या कॉफीच्या पेल्याला बाहेरून धातूचं नक्षीदार कोंदण असायचं, त्याला झार्फ म्हणतात, तेही शतकांपूर्वीचं. अमेरिकेत थंड बाटल्यांभोवती बसवायच्या वेष्टणांची पेटंटं 1920 च्या दशकापासून आहेत. तेव्हा "गरम पेल्याभोवती उष्णतारोधक वेष्टण" एवढंच लिहून पाठवशील तर अर्ज पहिल्याच फेरीत पडेल, आणि तो पडायलाच हवा.

मग जे सोरेन्सन या अमेरिकन माणसाला 1995 मध्ये पेटंट कसं मिळालं? त्याची गोष्ट तुझ्या कामाची आहे. पोर्टलंडजवळ गाडी चालवताना कागदी कप इतका पोळला की कॉफी त्याच्या मांडीवर सांडली. त्यातून त्याने कागदाच्या लगद्याचं कपाभोवतीचं जॅकेट काढलं. आज कॉफीच्या दुकानात कपाला जी पुठ्ठ्याची पट्टी असते, तिच्यातलं हे एक मोठं नाव. 1993 मध्ये अर्ज, 1995 मध्ये पेटंट, क्रमांक 5,425,497. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते साध्यासुध्या पण उत्तम वस्तूंच्या प्रदर्शनात मांडलंसुद्धा. पण त्याला "कपाभोवतीचं जॅकेट" या कल्पनेचं पेटंट मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. ते मिळालं एका नेमक्या रचनेला. एक सपाट पट्टी, तिच्या एका टोकाला खाच, दुसऱ्या टोकाला तिच्यात अडकणारा भाग, गुंडाळली की टोकं एकमेकांत बसतात. शिवाय पृष्ठभागावर उंचवटे आणि खळगे, म्हणजे कपाला थोडीच जागा टेकते आणि मधे हवा राहते. ते पेटंट जपून वाच, बाळा. त्याचं सगळं बळ त्या बारकाव्यांत आहे, आणि तुझंही तसंच असणार.

म्हणून शोध घ्यायला बस. गूगल पेटंट्स आणि युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट फुकट आहेत, आपल्या पेटंट ऑफिसची इनपास ही शोधव्यवस्थाही फुकट आहे. नुसते शब्द टाकून शोधशील तर फसशील, कारण याच वस्तूला कुणी स्लीव्ह म्हणतं, कुणी जॅकेट, कुणी होल्डर, कुणी कोझी. वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोध. पेला-बाटलीच्या होल्डरसाठी ए47जी 23/02, पिण्याच्या भांड्यांसाठी ए47जी 19/22, स्ट्रॉसाठी ए47जी 21/18. जुन्या नोंदी चाळताना कंटाळा येईल, तरी चित्रं बघत जा. पेटंटच्या चित्रांत भाषा आडवी येत नाही, जपानी नोंदसुद्धा चित्रावरून कळते. मग तुळशीबागेत जा, रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत जा, ऑनलाइन दुकानं पालथी घाल. सापडलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. आत्ता सापडलं तर पैसे वाचतात. चार वर्षांनी विरोधकाला सापडलं तर सगळंच जातं.

तू पाठवलेला नमुना मी उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या मते त्यात दोन गोष्टी आहेत. एक, आतल्या उभ्या कंगोऱ्यांमुळे राहणारी हवेची पोकळी. ही जुनी आहे, तिच्यावर जीव लावू नकोस. दुसरी, वरची ओठपट्टी, म्हणजे सिलिकॉनची जीभ. पेल्याच्या काठावर जिथे ओठ लागतो तिथे ती जीभ दुमडून बसते. आणि बोटांनी जॅकेट दाबलं की पोकळी दबून भिंत आत जाते, त्या ओढीने जीभ खाली ताणली जाऊन काठावर घट्ट बसते. हे तू मुद्दाम केलंस की आपोआप झालं, ते मला कळव, पण घडतंय ते असं. स्टीलच्या पेल्याचा काठ पोळतो हे दुखणं आपल्याकडचं. कागदी कपाच्या दुनियेत ते नाही, म्हणून तिकडे कुणी त्यावर फारसं डोकं चालवलेलं नसण्याची शक्यता आहे. शोध तिथे घे.

आता दुसरा प्रश्न. समज ओठपट्टीसारखं काही कुठेच सापडलं नाही. तरी परीक्षक म्हणेल, काठाला लावायच्या सिलिकॉनच्या पट्ट्या एका जुन्या पेटंटात आहेत, जॅकेट दुसऱ्यात आहे, दोन्ही जोडले, झालं. आमच्या भाषेत डी वन अधिक डी टू. इथे "कुणालाही सुचलं असतं" या वाक्याला कायदेशीर रूप मिळतं, आणि इथेच सगळ्यात जास्त अन्यायही होतो. कारण उत्तर कळल्यावर कोडं नेहमीच सोपं वाटतं.

हा अन्याय कसा टाळायचा, याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण लहान मुलाच्या कपाचं आहे. इंग्लंडमधल्या मँडी हेबरमन या बाईंनी 1990 च्या सुमारास एका चिमुरड्याच्या हातातल्या ट्रेनर कपातून पेय सांडताना पाहिलं. टोटी असलेला तो कप तू पाहिला असशील, आडवा पडला की गळतो. त्याआधी त्यांनी टाळूचा दोष असलेल्या बाळांसाठी दूध पाजायची बाटली केली होती, त्यामुळे बाळाचं ओढणं आणि झडप या गोष्टींवर त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी टोटीत चिरेची एक झडप बसवली. बाळाने ओढलं की ती उघडते, ओढणं थांबलं की मिटते. कप उलटा केला, हलवला तरी थेंब नाही. मोठ्या कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी छोट्या भागीदारांबरोबर तो कप बाजारात आणला. एनीवेअप कप हे त्याचं नाव. रस भरलेला कप नुसता खोक्यात घालून एका मोठ्या दुकानसाखळीला टपालाने पाठवला आणि तो न गळता पोचला, ही त्यांची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. कप धडाधड खपू लागला. मग टॉमी टिप्पी ब्रँडवाल्या जॅकेल कंपनीने तसाच कप काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

जॅकेलचा युक्तिवाद तुझ्या घरच्यांचाच होता. चिरेच्या झडपा जुन्याच आहेत. कप जुना आहे. एकात दुसरी बसवायला अक्कल कसली लागते?

1999 मध्ये न्यायमूर्ती लॅडी यांनी पेटंट वैध ठरवलं. पाऊल लहान आणि सोपं होतं, हे त्यांनी नाकारलं नाही. त्यांनी प्रश्न फिरवून विचारले. अडचण काय होती, किती वर्षं होती, किती मोठी होती? ती किती जणांना माहीत होती, किती जण उत्तर शोधत होते? त्यांच्या हाताशी कोणती माहिती होती? दरम्यान कोणते वेगळे उपाय केले गेले? आणि वस्तू खपली ती तिच्या गुणामुळे, की जाहिरातीमुळे? गळका कप हे घराघरातलं दुखणं होतं. त्या धंद्यात पैसा होता आणि त्यावर काम करणारे जाणते लोक होते. झडप त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तरी वर्षानुवर्षं कुणी ते पाऊल उचललं नाही. इतकं उघड होतं, तर आधीच कुणी का केलं नाही?

हा प्रश्न तू स्वतःच्या जॅकेटला विचार आणि प्रामाणिकपणे उत्तर दे. कारण कधी कधी उत्तर असं असतं की गरजच नव्हती, किंवा माल महाग होता, किंवा सिलिकॉन स्वस्त व्हायची वाट बघावी लागली. साहित्य कालपरवा स्वस्त झालं आणि लगेच कुणीतरी करून टाकलं, तर त्यात कल्पकता थोडी आणि वेळ साधणं जास्त. मात्र साहित्य वर्षानुवर्षं पडून होतं, दुखणं होतं, आणि तरी कुणी केलं नाही, तर तुझी बाजू भक्कम होते.

वाकणाऱ्या स्ट्रॉचं असंच आहे. मार्व्हिन स्टोनने कागदी स्ट्रॉचं पेटंट 1888 मध्ये घेतलं. जवळजवळ पन्नास वर्षं लोक सरळ नळीनेच प्यायले. मग सॅन फ्रान्सिस्कोत भावाच्या दुकानात बसलेल्या जोसेफ फ्रीडमनने आपल्या लहान मुलीची उंच ग्लासातल्या सरळ नळीशी चाललेली झटापट पाहिली. त्याने नळीत एक स्क्रू घातला, बाहेरून त्याच्या आट्यांवर दात साफ करायचा दोरा गुंडाळून कागद दाबला, स्क्रू काढला, नळी वाकली. 1937 मध्ये पेटंट मिळालं, आणि पुढे पहिली विक्री झाली ती एका रुग्णालयाला. पडून राहिलेल्या रुग्णाला सरळ नळी किती छळते, हे रोज बघणाऱ्यांना त्या वाकलेल्या नळीची किंमत लगेच कळली. मला स्वतःला हे पेटंट फार आवडतं, कारण त्यात दिसतं की गरज नेमकी कुणाची आहे हे ओळखणं हासुद्धा शोधाचा भाग असतो.

पण गरज आणि खप दाखवला की झालं, असं समजू नकोस. इथे तुला सावध करायलाच हवं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे 1966 मध्ये बाटलीच्या स्प्रे-झाकणाचा खटला होता. कीटकनाशकाच्या बाटलीवर पंप आधीच बसवून माल पाठवायचा आणि वाटेत गळू द्यायचा नाही, ही अडचण. अनेकांनी प्रयत्न करून सोडून दिले होते, नवं झाकण चांगलं खपलंही. तरी पेटंट रद्द झालं. तोंड बंद करण्याची जी युक्ती नवी म्हणून सांगितली होती, ती आधीच्या पेटंटांत, त्यातल्या एकात तर पातळ पदार्थ ओतायच्या तोटीवर, होती. स्प्रेवाल्यांनी तोटीवाल्यांकडे बघायला हवं होतं, कारण दोघांची अडचण एकच होती, झाकण गळू नये. म्हणून तूही फक्त चहाच्या पेल्यात शोधू नकोस. गरम तव्याची मूठ, थर्मासचं झाकण, बाळाची बाटली, प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांचे होल्डर, जिथे जिथे गरम काठ आहे तिथे तिथे डोकावून ये.

आपल्याकडचा कायदा याहून काही निराळा सूर लावत नाही. 1970 च्या पेटंट कायद्यात कल्पक पाऊल म्हणजे काय ते लिहिलंय. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही, आणि शिवाय ते त्या कलेतल्या जाणकाराला उघड नसावं. यावरचा आपला सगळ्यात गाजलेला निकालही भांड्यांचाच आहे, बघ. मिर्झापूरचे दोन भांडीवाले, लेथवर भांडं घट्ट धरून ठेवायच्या साधनाचं एकाचं 1951 चं पेटंट, आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल की हा शोध नव्हे, जुनीच युक्ती थोडी बदलून वापरलेली आहे, कारखान्यात कामाच्या ओघात होणारी सुधारणा आहे. पेटंटवाला हरला. तरी त्याच निकालातली कसोटी तुझ्या उपयोगाची आहे. कोर्ट म्हणतं, जाणत्या कारागिरापुढे तीच अडचण ठेवा, त्या तारखेपर्यंतचं ज्ञान द्या, पण हा शोध त्याला दाखवू नका. मग जुने कागद वाचून तो म्हणेल का, की मला हवं ते यात मिळालं?

त्यातलं "दाखवू नका" घट्ट धरून ठेव. घरच्यांनी जॅकेट आधी हातात घेतलं आणि मग मत दिलं. कसब्यातल्या तांबट आळीतला अनुभवी कारागीर समोर आण, पेल्याचा काठ पोळतो एवढंच सांग, आणि तो काय सुचवतो ते मनात कल्पून बघ. तो बहुधा म्हणेल, काठ जाड करा, गोल वळवा, दुहेरी भिंतीचा पेला करा. हातातल्या पकडीने ओठपट्टी ताणायची, हे त्याच्या बोलण्यात येईल असं मला वाटत नाही. प्रत्यक्षात जाऊन विचारू मात्र नकोस हं, अर्ज होईपर्यंत.

अजून एक अडसर आहे, कलम 3 चं एफ पोटकलम. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या, आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध धरला जात नाही. पेल्याच्या बुडाला टॉर्च लावला, तर टॉर्च उजेड देतो, पेला चहा धरतो, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तुझ्या अर्जाचा जीव म्हणूनच त्या ओढीत आहे. जॅकेट आणि ओठपट्टी वेगवेगळी सांगितलीस, तर परीक्षक दोन जुन्या वस्तू म्हणून बाजूला ठेवेल. पकड दाबल्याने पट्टी घट्ट बसते, म्हणजे एक भाग दुसऱ्याला काम करायला लावतो, हे क्लेममध्ये स्पष्ट लिहायला हवं, आणि वर्णनात त्याचा परिणाम मोजून दाखवायला हवा. दाबल्याशिवाय पट्टी किती सरकते, दाबल्यावर किती, पेला किती वाकवेपर्यंत टिकते, साधी फूटपट्टी आणि कोनमापक घेऊन लिहून ठेव. तारखा घालून, वहीत.

हे सगळं तपासून असं दिसलं की पट्टीची कल्पना जुनी आहे आणि तुझं म्हणून उरतं ते फक्त तिचं सुंदर कोयरीसारखं रूप, तर निराश होऊ नकोस. रूपासाठी 2000 चा डिझाइन कायदा आहे, दहा वर्षं संरक्षण आणि वर पाच वर्षांची मुदतवाढ. पेटंटचं संरक्षण अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं टिकतं, पण रोजच्या वापरातल्या कितीतरी वस्तूंना डिझाइन नोंदणीच जास्त शोभते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

आता सगळ्यात तातडीचं. तू लिहितेस, दिवाळीच्या आधी बचत गटाच्या प्रदर्शनात स्टॉल घेते आणि इन्स्टाग्रामवर रील टाकते. थांब! तुझं स्वतःचं रीलसुद्धा तुझ्याविरुद्ध जुना कागद ठरू शकतं. प्रदर्शनासाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच, आणि आपला गावातला मेळावा त्यात बसत नाही. आधी तात्पुरता अर्ज दाखल करू. मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन जातो, आणि व्यक्तीसाठी अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. परीक्षणाची फी 4,000, ती नंतर. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात, त्या वेळात शोध पुरा होईल आणि नमुनेही सुधारतील. फक्त तात्पुरता अर्ज आखडता लिहू नकोस. ओढीचं काम, कंगोऱ्यांची उंची, पट्टीची रुंदी, तुला सुचलेले सगळे पर्याय, सगळं त्यात टाक, कारण जे त्यात नाही त्याला ती आधीची तारीख मिळत नाही.

या आठवड्यात एवढंच कर. रील मोबाईलमध्येच राहू दे. एका कागदावर एकच वाक्य लिही, "आजवरच्या कोणत्याही जॅकेटमध्ये नाही आणि माझ्यात आहे ते म्हणजे…" वाक्य पुरं होईना तर खोडून पुन्हा लिही. खाली ज्या ज्या जुन्या वस्तू सापडतील त्यांचे क्रमांक आणि फोटो जोड, तुझ्या विरोधातले आधी. साचेवाल्याला नमुना दाखवायचाच असेल तर आधी त्याच्याकडून गुप्ततेच्या करारावर सही घे, ओळखीतला असला तरी. मग मला फोन कर, रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे निवांत बसून क्लेम लिहायला घेऊ.